सान तेलेस्फोरोचा काटा

इथे वाळल्या खोबऱ्याला कोप्रा म्हणतात.
आपल्या कानाला कोपराच ऐकू येतो,
आणि कान फारसा चुकत नाही:
धक्क्याच्या कोपऱ्यात गोदाम, गोदामाच्या कोपऱ्यात काटा,
त्या काट्यावर अख्खं गाव
तीन पिढ्या, पोत्यापोत्याने.

इतिहास कुणी लिहिला नाही.
चर्चच्या वहीत बाप्तिस्मे आहेत, मयती आहेत,
मधलं काही नाही.
म्हातारे साल सांगत नाहीत.
म्हणतात, दोराच्या दिवसांत,
अबाकाच्या धाग्याला गलबतं लागायची
आणि घंटेला नवी जीभ आली तेव्हा.
म्हणतात, अमेरिकन मास्तर तापाने गेला,
धक्का बांधला, त्या वर्षी.
किंवा नुसतंच: भुकेच्या साली.
मग गप्प होऊन समुद्राकडे बघतात,
तिकडून अजून कुणी येणार असल्यासारखे.

नंतर माड. डोंगर उतरून
थेट पाण्यात पाय सोडलेले माड,
आणि भट्ट्यांचा धूर, जो कपड्यांतून जात नाही,
लग्नाच्यासुद्धा.

अनाक्लेतो दिमायुगा, उय तियोंगच्या गोदामातला तोलणारा,
एक्केचाळीस वर्षं.
गाव त्याला 'तीन किलो' म्हणे.
पोत्यामागे तेवढं खातो, म्हणून.
शवपेटी निघाली तेव्हाही
मागून एक पोरगं ओरडलं, तीन किलो!
बायकांनी त्याला गप्प केलं,
पण जरा उशिराच.

मग ते वादळ, कुण्या मुलीचं गोड नाव लावून आलेलं.
सकाळी माड आडवे, काड्यापेटी सांडावी तसे.
नवा माड फळायला सात वर्षं.
पोट कुठे थांबतंय सात वर्षं?
आधी एक नर्स गेली जेद्दाहला,
मग तिची बहीण, मग बहिणीचा नवरा तेलाच्या जहाजावर,
मग कोण गेलं ते सांगणं बंद झालं;
कोण आहे तेवढं सांगत.
तियोंगच्या नातवाने गोदाम मोडलं.
तिथे आता बाहेरून आलेले पैसे मिळतात,
गार हवेत, नंबराच्या चिठ्ठीवर.

काटा अनाक्लेतोच्या लेकीने घेतला, इलुमिनादाने,
भंगाराच्या भावात.
रात्री दार लावून
मिठाच्या पन्नास पुड्या तिने त्याच्यावर रचल्या,
एकेक किलोच्या, तीन दुकानांतून आणलेल्या.
पन्नास.
उतरवल्या, पुन्हा रचल्या.
पन्नास. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

तेव्हा तिला म्हाताऱ्या तियोंगचा अंगठा आठवला.
पोतं उघडलं की तो खोबऱ्यात रुतवायचा, हुंगायचा,
आणि हळूच म्हणायचा, ओलं आहे.
बारा टक्के वजा.
काट्याला त्याने कधी बोटही लावलं नाही.

ती कुणाला सांगायला गेली नाही.
सांगणार कुणाला? निम्मं गाव दम्माममध्ये.

आता ती जाणाऱ्यांच्या बॅगा तोलते, पाच पेसोंत.
विमानाला तेवीस किलो चालतात.
आज क्लारिबेल आली, उद्याची निघालेली,
बॅग उचलून आणली बापाने.
इलुमिनादाने वजनं सरकवली,
दांडी स्थिर होऊ दिली,
आणि म्हणाली, तीन किलो.

बाप तसाच उभा राहिला.
पेटीमागचं ते पोरगं हाच.
क्लारिबेलने बॅग उघडून सुका मासा काढला,
खारवलेल्या कोळंबीची बरणी,
एक उशी, कशाला घेतली होती कोण जाणे.

'नीट बघून घे,' इलुमिनादा म्हणाली, 'काटा जुना आहे.'
'बरोबरच असणार,' तो म्हणाला,
काट्याकडे न बघता,
हातात सुका मासा धरून.