तळ

लेम्पा नदीच्या खालच्या अंगाला, दवाखान्यात
डॉक्टरीण ओतिलिया पाठकोऱ्या कागदावर मूत्रपिंड काढते,
घेवड्याच्या दाण्यासारखं,
आणि आत एक ठिपका.
"हे विकर. पेशीतली ऊर्जा संपत आली
की आधी यालाच कळतं.
मग ते खर्च थांबवतं,
घरातलंच मोडकंतोडकं जाळून
चूल पेटती ठेवतं."

निकानोर खिडकीबाहेर बघतो.
अठरा हंगाम ऊस तोडला त्यानं,
जळक्या पाचटाची काजळी अंगावर,
दुपारी लघवी गंजाच्या रंगाची.
क्रिएटिनिन आता साडेचार.

"आणि ह्या दुखण्यात?" एउलालिया विचारते.

"ह्यात ते मंद होतं. का,
ते अजून नीट उलगडलेलं नाही.
पेशी उपाशी, पण हाकच उठत नाही.
जिथे गाळायचं, तिथे
वण भरत जातो."

एउलालिया मान हलवते.
मक्याच्या पिंपात वाटी खरवडली
की येतो तो आवाज तिला ठाऊक आहे.
त्या आवाजावर तिनं चार पोरं वाढवली:
तो आला की रेडिओ विकायचा,
खुर्चीचा तुटका पाय चुलीत,
स्वतःच्या ताटात मीठ आणि पाणी.

"त्याला जागं करायचं औषध?"
"शोधतायत," ओतिलिया म्हणते,
आणि कागद घडी करून
त्यांच्याच हातात देते.

परतीच्या बसमध्ये ती
त्याच्या पाठीवर, बरगडीखाली,
तळवा टेकवून बसते.
"काय करतेस?"
"काही नाही.
वाजतंय का बघते."