डेड स्टॉक

यादी मी केली होती, म्हणजे चूक माझीच.
प्रोजेक्टर एक. मोठे कागद, गुंडाळी एक.
मार्कर बारा, त्यातले चार सुकलेले, हे मला ठाऊक होतं.
मक्याचं पीठ, कोबी, चहा, साखर जरा जास्तच.
मासेरूहून निघालो तेव्हा अंधार होता.
सेमोन्कोंगच्या घाटात गाडी दोनदा थांबली,
एकदा मेंढ्यांसाठी, एकदा लिनेओच्या उलटीसाठी.

आम्ही बावीस जण. मुलांना खेळायला, नाचायला,
नाटक करायला शिकवतो, त्याचा पगार घेतो.
वर्षातून तीन दिवस आपल्यासाठी, असं मे न्थाबेलेंग म्हणतात
आणि मग तीन दिवस मुलांबद्दलच बोलतात.

ब्लूमफाँटेनहून एक बाई आल्या होत्या.
त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या:
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
न्ताते सेआबाता, फुटबॉलचे कोच, दोन्ही गुडघे कामातून गेलेले,
त्यांनी लिहिलं: खुर्चीत.
मोत्लालेपुलाने लिहिलं: रंगमंचावर, वीज असेल तर.
लिनेओने काही लिहिलं नाही, चिठ्ठीची होडी केली.
केप टाउनच्या नाचाच्या शाळेतून तिला पत्र आलंय
हे सगळ्यांना माहीत होतं.
आम्हाला माहीत आहे, हे तेवढं तिला माहीत नव्हतं.

मी लिहिलं: स्टोअरमध्ये.
बाई म्हणाल्या, जरा मोठं स्वप्न बघा.
मी खाली लिहिलं: मोठ्या स्टोअरमध्ये.

दुपारी माझं रजिस्टर निघालं.
पान चाळीस, ओळ सात:
बूट, फुटबॉलचे, पाच नंबर, जोड एक.
नेले: लेरेको. परत:
सहा वर्षं तो रकाना तसाच.
दरवर्षी ऑडिटर म्हणतो, निर्लेखित करा.
दरवर्षी मी म्हणते, पुढच्या वर्षी.
लेरेकोचं काय झालं ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत.
सगळे बुटांविषयीच बोलले.
मे न्थाबेलेंगनी चष्मा पुसला, आणि चहाची वेळ झाली.

बाहेर ऊन. ऊन कसलं, नुसता उजेड.
जुलै महिना, दुपार झाली तरी गवतावरचं दहिवर गोठलेलं.
सेआबाता म्हणाले, चला, दहा मिनिटं खेळू,
आणि एकवीस जणांनी माझ्याकडे पाहिलं.

चेंडू नव्हता.
धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं,
पण धरणी कडक होती, बर्फ धरलेली.

कुंपणाशी गुराखी पोरं उभी होती, चार.
अंगावर घोंगडी, पायात गमबूट, काठ्या बगलेत.
सकाळपासून आमची गंमत बघत असावीत.
एकाने घोंगडीतून चेंडू काढला:
प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी, मधे कुणाचा तरी मोजा.
विचारलं वगैरे नाही. फेकला.

आम्ही हरलो. किती गोलांनी ते सांगत नाही.
चौघांविरुद्ध बावीस,
गोलात सेआबाता, खुर्चीत, लिहिल्याप्रमाणे.
ब्लूमफाँटेनच्या बाई बूट काढून मोज्यांवर धावल्या.
लिनेओ चेंडू सोडून मधेच गिरकी घ्यायची,
आणि सगळ्यात धाकटा गमबूटवाला
तिच्या पायांकडे बघत, जागच्या जागी,
तसंच करून पाहत होता, उजव्याच्या जागी डावा.
ती थांबली. पुन्हा करून दाखवलं. हळू.

मेंढ्या पांगल्या होत्या. पोरं निघाली,
चेंडू घेऊन, अर्थातच.
माझ्या गळ्यातली शिट्टी मी धाकट्याला दिली.
का, ते तुम्ही विचारू नका. ऑडिटर विचारणारच आहे.

रात्री कंदिलापाशी रजिस्टर उघडलं.
शिट्टी, पितळी, एक.
नेली: नाव विचारायचं राहिलं.
मग पान चाळीस काढलं, ओळ सात,
आणि बराच वेळ पेनाचं टोपण हातात धरून बसले.
शेजारच्या खोलीत लिनेओ
बॅग भरत होती की रिकामी करत होती कोण जाणे,
चेनचा आवाज तेवढा येत होता.