काळी पाच, पांढरी सात

चाळीस वर्षं मी लोकांच्या पियानोंचे कान पिळले.
हॅफर्डपासून बिगरपर्यंत, बर्फातून,
चर्चमधले, शाळांमधले,
एक तर कोंबड्यांच्या खुराड्याला टेकलेला.
मग वरची दोन सप्तकं
भाडं थकवलेल्या भाडेकरूंसारखी न सांगता निघून गेली.
डॉक्टर म्हणाली, वय.
मी म्हटलं, उजवा कान आधी.

लोखंडाकडे कशी वळलीस, बहीण फोनवर विचारते.
खरं कारण फाटक.
तुटलेली बिजागरी, आणि तीन आठवडे
"उद्या येतो" म्हणणारा वासिल प्रोकोपचुक.

सॅस्कटूनच्या दुकानात पोरानं तीन यंत्रं दाखवली.
एक तारेचं, पिवळं, जेवणाच्या डब्याएवढं हलकं:
"यावर माझी आजीसुद्धा..."
आणि माझ्याकडे बघून थांबला.
एक गॅसच्या नळकांड्यासकट.
एक इतकं नाजूक की दोन्ही हात लागतात, शिवाय एक पाय;
तेवढं ओळखीचं वाटलं.
किंमत वाचून पाय मागे घेतला.
म्हटलं, चालू कर, ऐकते.
तो म्हणाला, ऐकायचं काय त्यात?
मी हातमोजे घातले आणि निघाले.

वासिलच्या शेडमध्ये, गवताच्या गाठोड्यांमागे
एक जुनी लाल पेटी होती.
शंभर डॉलर, आणि बीटच्या लोणच्याच्या दोन बरण्या.
"मशीन स्वस्त घे," तो म्हणाला, "मास्क महाग घे.
मशीन बिघडलं तर मी आहे.
डोळ्यांना मी नाही."
त्यानं खटका दाबला
आणि ती गुणगुणायला लागली,
काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधल्या फटीत,
जिथे मी एकही पियानो कधी राहू दिला नाही,
जिथून आयुष्यभर तारा ओढून बाहेर काढल्या.
खर्जातला सूर.
पूर्ण ऐकू आला. दोन्ही कानांनी.

गॅरेज उणे अठ्ठावीस.
पेट्रोलचा कॅन बाहेर, वाळूची बादली आत,
अंगावर लोकर, पँटची दुमड उलगडलेली.
दोनशे चाळीस व्होल्टचं सॉकेट घरात एकच,
कपडे वाळवायच्या मशीनचं.
म्हणजे ज्या दिवशी ठिणग्या, त्या दिवशी ओल्या चादरी.

पहिला रॉड चिकटला. दुसराही.
काडेपेटीवर काडी ओढतात तसा ओढ, वासिलनं सांगितलं होतं;
पण माझा हात हातोड्यांच्या संगतीत वाढलेला,
त्याला ठोका माहीत, ओढणं नाही.
तिसऱ्यानं पेट घेतला.
मास्कमागे सगळं जग हिरवं आणि एवढंसं,
तांदळाच्या दाण्याएवढं वितळलेलं डबकं.
बघायचं त्या डबक्यात, उजेडात नाही.
हे सांगून कळत नाही.
नव्वदवर कण्हत होतं.
एकशे पाचवर खोकत होतं.
एकशे वीसवर, तव्यात बेकन तडतडावा तसा
सलग आवाज आला,
आणि माझं मनगट आपोआप थांबलं,
खुंटी बरोबर जागी आल्यावर थांबायचं तसं.

दिसायला म्हणाल तर
कोंबडी घाण करत चालत गेल्यासारखी रेघ.

दोन लोखंडी पट्ट्या, टोकाला टोक.
हुकाला टांगून वाजवल्या: बद्द.
वरवर झाळलेल्या,
आत एकमेकींची ओळखही झालेली नव्हती.
वासिलनं व्हाइसमध्ये धरून एक घाव घातला,
जोड बिस्किटासारखा सुटला.
"बघ, इथे शिरली नाहीस."
माहीत होतं. मघाशीच ऐकलं होतं.

शनिवारी अकरावी जोडी टांगली.
पाना हलकेच आपटला.
आवाज एका टोकाकडून निघाला
आणि मधे न अडखळता दुसऱ्याकडे गेला,
तिथून परत.
कुठली पट्टी, ते काही मोजलं नाही.

फाटक अजून दोरीनं बांधलेलं आहे.
वासिल म्हणतो, उद्या येतो.
मी म्हटलं, नको,
उद्या चादरींची पाळी आहे. परवा मीच.