खरवडण्याआधी

लग्नसराईत मी दिवसातून हजारदा म्हणतो,
‘हसा. अजून थोडं. दात दिसू द्या.’
कॅमेऱ्यामागं माझं तोंड मिटलेलं असतं.

किनवटच्या अलीकडं आमचं गाव.
हापशावर सरकारी माणसं लाल फुली मारून गेली.
फुली उडाली, हापसा चालू राहिला.
सातवीच्या ग्रुप फोटोत आम्ही बेचाळीस पोरं,
दातांवर सगळ्यांच्या तोच चहाचा ओघळ,
एकाच दुकानातल्या कपबश्यांवर एकच नक्षी असावी तसा.
नांदेडच्या स्टँडवर एक अनोळखी माणूस म्हणाला,
‘किनवटकडचे का?’
मी नुसते सुटे पैसे मागितले होते.

डॉक्टर लेन, दुसरा मजला, डॉ. नसरीन देशमुख.
त्यांनी एक पट्टी उघडली, तिच्यावर सोळा दात,
प्रत्येकाखाली नंबर,
आणि माझ्या ओठाशी एकेक लावून पाहू लागल्या,
साडीवर ब्लाउजपीस लावून बघावा तसा.
मी सगळ्यात पांढरा दाखवला.
‘हा?’ त्या म्हणाल्या, ‘हा तर तुमच्या डोळ्यांपेक्षा पांढरा आहे.’

‘आधी तुमचा दात खरवडावा लागतो,
नखाच्या जाडीएवढा. त्यावर चिनीमातीचा पापुद्रा.
पापुद्रा चिरला, निघाला, तर दुसरा बसवता येतो.
खरवडलेलं परत उगवत नाही.’

मी रोज रात्री नवरदेवांचे दात उजळवतो,
माउसनं, पांढऱ्या ब्रशनं, तीस टक्के, चाळीस टक्के.
जास्त झालं की कंट्रोल झेड. माणूस परत जागेवर.
‘परत नाही म्हणजे,’ मी विचारलं, ‘कधीच?’
‘कधीच.’

‘दहा वर्षं टिकतील. पंधरा, सांभाळलंत तर. मग पुन्हा खर्च.
शेजारचे दात वयानं पिवळे पडतील, हे असेच राहतील,
जुन्या घरात एकच खोली फरशीची असावी तसे.
ऊस दातानं सोलायचा नाही. बाटलीचं बूच तर नाहीच.
झोपेत दात खाता का?’
मला काय ठाऊक? बायकोला विचारावं लागंल.
‘आणि ती खिशातली पुडी.
हिरडी अशी सुजलेली असताना मी हातच लावणार नाही.’

एका दाताचे अकरा हजार.
हसायला लावून त्यांनी मोजले, माझे आठ दिसतात.
अठ्ठ्याऐंशी.
म्हणजे पाच लग्नं, अल्बम धरून.

‘डाग वरवरचे असले तर घासून थोडे कमी होतील.
ते आधी करून बघू. घाई कसली?
दात कुठं पळून चाललेत?’
मग न खरवडताच वरून काहीतरी पांढरं चढवलं,
नुसतं बघायला, अर्ध्या तासापुरतं.
मी म्हणून पाहिलं, ‘हसा, दात दिसू द्या.’
‘स’ शिटीसारखा निघाला.
आरशात माझ्या चुलत्याचा पोरगा वाटावा असा कुणीतरी,
पुण्यात राहणारा, गावाकडं न येणारा.
खोटं कशाला सांगू, आवडला मला तो.

फोटो काढावा म्हणून मोबाईल बाहेर काढला
तर पडद्यावर समृद्धी, फ्रॉकमध्ये, तोंड भरून हसायलेली.
‘मुलगी? किती वर्षांची?’
‘पावणेतीन.’
डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या,
कोवळ्या मक्यासारखे ते दुधाचे दात.
‘पक्के दात आत्ता बनत असतात,’ त्या म्हणाल्या, ‘हिरडीच्या आत.
ही पाणी कुठलं पिते?’

मी पंख्याकडं बघितलं.
त्यांनी पट्टी मिटली. खट.

फॉर्म घडी करून खिशात घातला, सही न करता.
जिन्यातच बायकोला फोन लावला.
‘ऐक, पोरीला हापशाचं पाणी देऊ नको.’
पलीकडं घागर खाली ठेवल्याचा आवाज आला.
‘मग कुठलं देऊ?’