शून्य लिहिण्याची रीत

जीवशास्त्र विभागाच्या तळघरात माझी खोली.
गमबूट, डोक्याला बांधायचे दिवे, कापसाच्या काड्या,
झाकणं न बसणाऱ्या बाटल्या,
सगळं माझ्या वहीत सही करून जातं
आणि चिखल घेऊन परत येतं.
सव्वीस वर्षं मी माणसं ओळखतो
ती पायाच्या मापावरून.

ऑक्टोबरात फळ्यावर कागद लागला:
बेडूक मोजायला दोन विद्यार्थी हवेत.
मानधन नाही. डबा आपापला.
पावसाची सवय असावी.
खाली डॉक्टर रेबेका ओयार्सून यांची सही,
बस सुटत असल्यासारखी तिरकी.
वाल्दिव्हियात पावसाची सवय कुणाला नसते?
तरी कागदाच्या खालच्या फाडायच्या पट्ट्यांतली
एकच गेली.

सदतीस नंबरचे बूट मागत आली मिलाराय आन्तिन्यिर.
"जागा दोन होत्या ना?"
"दुसरी आहे अजून," म्हटलं,
"माझे गुडघे तेवढे राहिले नाहीत."

बेडूक म्हणजे अंगठ्याचं एक पेर.
नाक असं, की कुणी चिमटीत धरून ओढलंय.
बाप पिल्लांना गळ्यातल्या पिशवीत वाढवतो,
एक दिवस तोंड उघडतो,
आणि चार पायांचा अख्खा बेडूक
उडी मारून जगात येतो.
हे मी ऐकलेलं. बरणीतला पाहिलाय.
जिवंत, अजून नाही.

मिलाराय जायची, कोइवेच्या झाडांखाली तासभर बसायची,
कान उघडे, पाठ ओली.
शून्य. शून्य. शून्य.
अकराव्या दिवशी तिनं चौकट रिकामीच ठेवली.
डॉक्टरबाई खाली आल्या, कागद माझ्या टेबलावर पसरून
तिला म्हणाल्या:
"रिकामी म्हणजे तू गेलीच नव्हतीस.
शून्य म्हणजे गेलीस, बसलीस, ऐकलंस,
आणि तो नव्हता.
शून्य कमवावं लागतं, पोरी."
त्याच आठवड्यात त्यांचा स्वतःचा अर्ज
सान्तियागोहून तिसऱ्यांदा नाकारला गेला होता.
ते पत्र त्या माझ्याकडे विसरल्या, की ठेवून गेल्या,
मी विचारलं नाही.
बरण्यांच्या मागे आहे अजून.

तिचा बाप सेगुन्दो निलगिरीचे ओंडके वाहतो.
जिथं आधी कोइवे होते, तिथले.
पहाटे लेकीला जंगलाच्या तोंडाशी सोडून पुढे जायचा.
एकदा तिचे फाटलेले बूट बदलून न्यायला आला.
"एका शून्याचे किती देतात?"
"काही नाही."
"आणि चाळीसांचे?"
"तेवढेच."
"मग हिशेब चोख आहे," म्हणाला,
आणि हसला, पण दारातच थांबला थोडा वेळ.

जानेवारी संपत आला. बेचाळिसावं शून्य.
परत निघताना ट्रक रुसला, इंजिन गप्प.
मिलाराय वैतागून मोबाइलवरचा आवाज वाजवत बसली,
तीच बारीक शिट्टी, घंटीसारखी,
जिच्यासाठी ती बेचाळीस दिवस भिजली होती.
बाप बॉनेटमधून डोकं न काढता म्हणाला,
"हे तर आपल्या सरपणामागचं पाखरू."

कागदावर चौकटी बारा.
सरपणामागची जागा त्यांत कुठेच नाही.
डॉक्टरबाई बराच वेळ गप्प होत्या.
मग माझी पट्टी मागितली,
आणि तेरावा रकाना आखला, थोडा वाकडाच.
चार वर्षांत पहिल्यांदा
एकोणचाळीस नंबरचे बूट मागितले.
सेगुन्दोला चव्वेचाळीस लागतात; त्रेचाळीसमध्ये कोंबले पाय.
वहीत 'विद्यार्थी' या शब्दासमोर
त्यानं सावकाश, जीभ दातांत धरून, सही केली.
मी फळ्यावरचा कागद काढून टाकला.

आज शनिवार. साडेचार वाजून गेलेत.
बाहेर नेहमीचा पाऊस.
घरी जायला हवं, पण किल्ली हातातच आहे.
तीन जोड गेलेत. परतीचा रकाना
रिकामा आहे.
रिकामा. शून्य मी अजून लिहिलेलं नाही.