दोरीचं दुसरं टोक

व्हेनिसमध्ये पहिल्या आठवड्यातच
नकाशा ड्रॉवरमध्ये टाकला
आणि ठरवलं, इथल्यासारखं राहायचं.

उजवीकडून चालायचं. पुलावर रेंगाळायचं नाही.
सामानाची ढकलगाडी पायऱ्यांवर चढवताना
आपण उलटं वर जायचं, गाडी मागून येते :
हे एका पोस्टमननं शिकवलं,
न थांबता, न हसता.
अरुंद बोळात आपली छत्री तिरकी करायची.
पलीकडच्या काठाला नेणाऱ्या नावेत
बसायचं नसतं, उभं राहायचं
गुडघे सैल सोडून,
पाणी म्हणजे जरा हलणारा रस्ता, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात एका जोडप्यानं
मला स्टेशनची वाट विचारली.
मी तोंड न उघडता नुसता हात केला, डावीकडे.
दिवसभर अंगावर मूठभर मांस चढलेलं.
वाट चुकीची होती, हे रात्री कळलं.

माझ्या खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत
कालव्यावरून दोरी, दोन टोकांना दोन कप्प्या.
समोर निवेस बुसेत्तो, वय सत्त्याहत्तर,
माझं वाळत घालणं बघत कॉफी प्यायची.
एकदा न राहवून ओरडलीच :
अगं, खांद्याला नको, काठाला चिमटे लाव!
जड कपडे भिंतीशी! मधे झोळ पडला
तर तुझी चादर भाजीची बोट घेऊन जाईल!
मी जड कपडे भिंतीशी घेतले.
तिनं मान हलवली. मला वाटलं,
झाले मी इथली.

नोव्हेंबरात, सणाच्या दिवशी,
धुकं असं की समोरची भिंतच नाही.
आणि कप्पी आपोआप कुरकुरायला लागली.
धुक्यातून एक डबा आला, दोरीला टांगलेला,
बोकडाचं मटण आणि कोबी, वाफाळता.
मागून नुसता आवाज :
दरवर्षी एल्दाला असाच पाठवायचे.
कोण एल्दा?
माझी बहीण. तू झोपतेस ती खोली तिची.
घरमालकाला पाहुणे परवडतात, बाई नाही परवडली.
मीठ बरोबर आहे का बघ.

मीठ बरोबर होतं.
घास अडकला वगैरे लिहिता येईल,
पण मी सगळं संपवलं, डबा बोटानं पुसून.

मग दिसायला लागलं :
सकाळी पुलावरून आत येणाऱ्या बसमधून
नर्स, न्हावी, बेकरीतली पोरगी उतरतात,
संध्याकाळी त्याच बसनं परत मेस्त्रेला.
इथल्यासारखं राहायचं
तर इथं राहायचं नसतं.

निघायच्या दिवशी निवेसनं दोरीवरून
भरलेला डबा आणि पत्ता पाठवला.
विमानतळाच्या वाटेवरच आहे, म्हणाली.
पाचवा मजला. लिफ्ट. बाल्कनीत घडीचा स्टँड,
त्यावर मोजे, काठाला चिमटे लावलेले.
एल्दानं डबा घेतला, झाकण उघडलं नाही.
विचारलं, कप्पी अजून कुरकुरते?
म्हटलं, हो, फार. तेल घालायचं राहिलंच.

घालू नका, ती म्हणाली.
निवेसला तेवढ्यावरून कळतं
समोर कोणीतरी आहे.

पुढच्या पाहुण्यांना सांगाल ना?
मी काय बोलले ते आठवत नाही.
बस आठ मिनिटांनी होती.