पहिली आवृत्ती

शनिवारी सात वाजता व्हर्लिनच्या तळघरात
भट्टी एकदा खाकरते, मग आम्ही बसतो.
बाहेर डुलूथ, उणे बावीस,
सरोवराच्या काठाशी बर्फावर बर्फ चढून
रात्रभर दात खातो.
आत डीप फ्रीझरवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर भुयाराचा नकाशा,
एकोणीसशे त्र्याऐंशीपासून तोच,
सेलोटेपला सेलोटेप लावून जगवलेला.

आम्ही पहिल्या आवृत्तीची माणसं.
दुसरी आली, व्हर्लिन म्हणाला, बघू.
तिसरी आली, म्हणाला, हे हिशेबनिसांचं काम.
चौथीचं त्याने नावच टाकलं,
पळून गेलेल्या जावयाचं टाकतात तसं.
गेलनने मात्र पाचवी विकत घेतली,
आणून टेबलावर ठेवली,
आणि त्या रात्री चिप्सचा वाडगा
कुणी त्याच्याकडे सरकवला नाही.
पुढच्या शनिवारी त्याची घडीची खुर्ची घडीतच राहिली.
अजून आहे.

माझी ड्रुमा, बुटकी, कुऱ्हाडवाली,
बेचाळीस वर्षांची झाली.
तिच्या कागदावर जिवाचे आकडे लिहायची चौकट होती,
तिथे खोडून खोडून आता भोक आहे.
घाव बसला की भोकाच्या या कडेला लिहिते,
भरला की त्या कडेला.
गोदीवर जहाजांत खनिज ओतायची यंत्रं
मी एकतीस वर्षं चालवली,
नवरा आला, गेला,
पण ड्रुमाला मरू दिलं नाही.
याला निष्ठा म्हणायचं की सवय,
हे व्हर्लिनला विचारायची सोय नाही;
तो पान चौसष्ट काढून दाखवेल.

आता गुरुवारचं सांगते.

सुपीरियर स्ट्रीटवर, लाँड्रीच्या वर,
पा-न्या नावाची पोरगी एक खेळ चालवते.
फासे नाहीत. नियम एका पानात,
त्यातही अर्धं पान रिकामं.
कुणी कुणाला मारत नाही.
सगळे दीपगृहाचे राखणदार;
जे जहाज परत आलं नाही
त्याला आळीपाळीने पत्र लिहायचं.
मी हसायला म्हणून गेले होते.
तिने विचारलं, ‘तुझ्या राखणदाराला कशाची भीती वाटते?’
माझा हात आपोआप खिशात.
पण दान मागावं असं तिथे काही नव्हतं.
खालून ड्रायरची धडधड येत होती,
कुणाच्या तरी पँटची बटणं पत्र्यावर वाजत होती,
आणि मी बोलले.
काय बोलले ते इथे लिहीत नाही.
कोपऱ्यात गेलन होता.
त्याने वाडगा सरकवला.

तेव्हापासून दर गुरुवारी.
गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावते,
या वयात, बर्फात, चोरासारखी.
आणि शनिवारी व्हर्लिनने दार उघडायच्या आत
कोटाची बाही हुंगून घेते,
साबणाचा वास तर नाही ना.

मागच्या शनिवारी भट्टी बंद पडली.
ड्युएनची शिफ्ट, म्हणून आम्ही दोघंच.
व्हर्लिन वर, दुरुस्तीवाल्याच्या फोनला लटकलेला.
मी टॉर्च घेऊन भट्टीमागे वाकले,
तर रंगाच्या डब्यांआड, प्लास्टिकच्या पिशवीत,
पाचवी.
कोरी नव्हती.
समासात त्याचं बारीक पेन्सिलीचं अक्षर:
हे बरं आहे.
हे तर आपण आधीपासून करतोय.
बुटक्यांच्या पानाचा कोपरा दुमडलेला, शेजारी:
ड्रुमाला आवडेल. विचारायचं कसं?

पिशवीला होती तशी गाठ मारली.
नेमकी कशी होती, ते आठवेना.

तो कोट घालूनच खाली आला.
‘सोमवारपर्यंत माणूस मिळत नाही. खेळायचं?’
तोंडातून वाफ.
पुठ्ठ्याच्या आडोशावर त्याचे डोळे तेवढे दिसत होते.
नकाशावर आम्ही एका बंद दारापाशी, ऑक्टोबरपासून.
वीसपैलू फासा मी ऊब येईस्तोवर मुठीत घोळवला.
‘टाक,’ तो म्हणाला.
‘टाकते. पण आधी सांग,
या दारामागे जो कोण आहे
त्याला कशाची भीती वाटते?’

व्हर्लिनने पहिली आवृत्ती उघडली.
बराच वेळ पानं चाळली.
नियम नव्हता.
मग त्याने पुस्तक मिटलं,
बोट आत तसंच ठेवून.